रोड बाईकमध्ये (बारीक टायरच्या वेगवान सायकलमध्ये) घरच्या घरी हवा भरताना

पन्हाळ्याच्या चढाला निघायचं असेल तर हवा आदल्या रात्री नको, सकाळी निघतानाच भरा. बारीक टायरमध्ये हवा मावते थोडी आणि ती ट्यूबमधून हळूहळू झिरपत राहते. अंगठ्याने दाबून ६० आणि ९० पीएसआयमधला (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं एकक) फरक कळत नाही, म्हणून काटा असलेला, पायाखाली धरायचा उभा पंपच घ्या. हातपंपाने एवढा दाब गाठताना दम निघतो.

प्रेस्टा व्हॉल्व्हच्या, म्हणजे अशा ट्यूबला असणाऱ्या बारीक, लांब व्हॉल्व्हच्या, टोकाची छोटी चकती आधी सैल करा आणि टोक बोटाने क्षणभर दाबा. फुस्स आवाज आला म्हणजे चिकटलेला व्हॉल्व्ह सुटला. पंपाचं तोंड सरळ बसवा, मग खटका लावा. तिरकं बसवलं तर आतली नाजूक दांडी वाकते, आणि मग ट्यूबच बदलावी लागते. शेवटचे दट्टे जड जातात. तिथे हात ताठ ठेवून अंगाचा भार टाका. तोंड काढताना येणारा आवाज बहुतेक पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो, घाबरू नका.

किती भरायची? टायरच्या कडेवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तिथपर्यंत जायची गरज नाही. साधारण ७० किलो वजनाच्या माणसाला २५ मिलिमीटरच्या ट्यूबवाल्या टायरला ८०-८५ पीएसआय पुरतात, पुढच्या चाकात थोडी कमी. रिम हुकलेस (टायर धरून ठेवायला आत वळलेली कड नसलेली) असेल तर मात्र ७२.५ च्या वर मुळीच जाऊ नका. पावसाळ्यात ओल्या घाटात ५ पीएसआय कमीच ठेवा, पकड चांगली मिळते.