आठवी ते दहावी, एकाच ओळीत

वर्गशिक्षकांनो, मुलाची तीन वर्षांची प्रगती आणि हजेरी एकाच गूगल शीटमध्ये ठेवायची असेल, तर पहिला रकाना हजेरी क्रमांकाचा नको, जनरल रजिस्टर (जी.आर.) नंबरचा ठेवा. हजेरी क्रमांक वर्ग-तुकडीबरोबर बदलतो, जी.आर. नंबर शाळा सोडेपर्यंत तोच. गुण टक्क्यांत भरा. 20 पैकी 14 आणि 80 पैकी 48 नुसते पाहून कुठे घसरण झाली ते कळत नाही (70 वरून 60).

हजेरीची वर्षाअखेरची टक्केवारी म्हणजे वरातीमागून घोडं. दर महिन्याला कामाचे दिवस आणि हजर दिवस असे दोन आकडे लिहा. बोर्डाची अट 75 टक्क्यांची आहे, पण शीटमधला हजेरीचा चौकोन आपोआप लाल होण्याची मर्यादा 85 लावा. 75ला लाल झाला तर हातात फारसं काही उरत नाही. शेजारी कारणाचा रकाना हवाच. बीडकडे दिवाळीच्या सुमारास आकडा कोसळला तर आधी ऊसतोडीची चौकशी करायची, अभ्यासाची नंतर. आणि शीटची लिंक पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चुकूनही टाकू नका.