परदेशात इंग्रजी स्टँड-अप करताय? खान्देशच्या पोरापोरींनो, या चुका टाळा

जळगाव, धुळे, नंदुरबारची मुलं आता बर्लिन, डब्लिन, टोरांटो, मेलबर्न, कुठेही भेटतात. दिवसा नोकरी नाहीतर एमएस, आणि संध्याकाळी त्यातले काही जण ओपन माइकच्या, म्हणजे कुणालाही नाव नोंदवून थोडा वेळ स्टेजवर विनोद करता येतात अशा शोच्या, यादीत नाव टाकतात. मी अमळनेरची. बर्लिनमध्ये राहते आणि इथे इंग्रजी ओपन माइक होस्ट करते. आपल्याकडचं कुणी स्टेजवर आलं की मला मनापासून आनंद होतो, आणि त्याच त्या चुकांपायी चांगला सेट, म्हणजे स्टेजवरच्या त्या काही मिनिटांचा कार्यक्रम, पडला की जीव हळहळतो. या चुकांचा इंग्रजी कच्चं असण्याशी फारसा संबंध नसतो. म्हणून त्या थोड्या कष्टात सुटतात.

गाव समजावत बसणं

रावेरकडच्या एका मुलाचा सेट केळीवर होता. घरची केळीची बाग. त्याने सुरुवातीलाच जळगाव कुठे आलं, तापीकाठी केळी कशी पिकते, जळगावच्या केळीला २०१६ साली जीआय मानांकन कसं मिळालं, हे सगळं सांगून टाकलं. माहिती खरी होती, पण विनोद येईपर्यंत लोक आपापल्या ग्लासात बघायला लागले होते. मूळ प्रसंग मात्र फार सुंदर होता. व्हिडिओ कॉलवर वडिलांना त्याच्या ओट्यावर केळी दिसली. ते म्हणाले, ‘जरा जवळ धर.’ मग सालीवरचं स्टिकर वाचलं आणि एकदम गप्प झाले. केळी इक्वाडोरची होती. मग म्हणाले, ‘आता घरी येऊ नको.’

शो संपल्यावर आम्ही त्या सेटची छाटणी केली. नवी सुरुवात अशी झाली: ‘माझे वडील केळी पिकवतात. मी बर्लिनमध्ये केळी विकत घेतो.’ एवढं ऐकूनच लोक हसतात, कारण बाप-लेकातली सगळी गोष्ट त्यांना कळलेली असते. जळगाव कुठे आहे हे त्यांना कळायची गरजच पडत नाही. त्यानंतर कॉल, मग स्टिकर, आणि ‘इक्वाडोर’ हा शब्द वाक्याच्या अगदी टोकाला. आधी तो इक्वाडोर म्हणून झाल्यावरही ‘असं त्या स्टिकरवर लिहिलेलं होतं’ हे शेपूट जोडायचा. हसू यायला लागायचं आणि याचं वाक्य चालूच असायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्या सवयीने आपण इंग्रजीतही मागे काहीतरी जोडत राहतो. इंग्रजीत धक्क्याचा शब्द शेवटी ठेवता येतो. तिथेच ठेवा आणि थांबा.

वडिलांचं शेवटचं ‘आता घरी येऊ नको’ तो आधी घरच्या बोलीतच म्हणतो, मग इंग्रजीत. पहिल्या वेळी शब्द कुणालाच कळत नाहीत, तरी हसतात. रागावलेल्या बापाचा सूर सगळ्यांना ओळखीचा असतो.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे गाव पुसूनच टाकणं. मग उरतं काय? अरेंज्ड मॅरेज, आईची चप्पल, कॉल सेंटरचा उच्चार. हे परदेशातल्या प्रेक्षकांनी तुमच्या आधी येऊन गेलेल्यांकडून भरपूर ऐकलेलं असतं. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेली आत्या, भुसावळ जंक्शनवर मध्यरात्री काढलेले तास, मे महिन्यातल्या लग्नात सूट घालून उभा असलेला नवरदेव, हे त्यांनी ऐकलेलं नाही. तुमच्याकडे ते आहे. एका वाक्यात ओळख करून द्या आणि पुढे चला.

उसना उच्चार आणि धावती जीभ

अमेरिकन उच्चार करायला जाऊ नका. दोन मिनिटांत तो सुटतो आणि मग लोक तुमचं बोलणं सोडून उच्चाराकडेच लक्ष देतात. आपला उच्चार ठेवा, फक्त वेग कमी करा. बर्लिन किंवा ॲमस्टरडॅमच्या इंग्रजी शोमध्ये समोर तुर्की, पोलिश, ब्राझिलियन, डच असे सगळेच असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांची इंग्रजी दुसरी किंवा तिसरी भाषा असते. शब्दांवरच्या कोट्या आणि क्रिकेटचे संदर्भ तिथे पडतात. प्रसंग आणि माणसं चालतात.

वेळ आणि माइक

पाच मिनिटं मिळाली असतील तर चार मिनिटांचंच लिहा. हसण्यालाही वेळ लागतो. मागून लाइट दिसला, म्हणजे वेळ संपत आल्याची खूण झाली, की नवा किस्सा काढू नका, हातातला संपवा आणि उतरा. वेळ खाणाऱ्याला होस्ट पुन्हा बोलावत नाहीत, मग तो कितीही हसवो. माइक हातात घेतला तर रिकामा स्टँड बाजूला सरकवा. माइकची जाळी मुठीत धरू नका, आवाज घुसमटतो.

होस्ट करताना होणाऱ्या चुका

होस्ट म्हणजे रात्रीतला सगळ्यात विनोदी माणूस, हा समज आधी सोडा. आपल्याकडे हिवाळ्यात शेतावर भरीत पार्टी असते तेव्हा शेतमालक काय करतो? सगळ्यांना बसायला जागा झाली का, कळण्याची भाकरी शेवटच्या माणसापर्यंत पोचली का, ते आधी बघतो आणि मगच किस्से सांगतो. होस्टचं काम तेच.

म्हणून खोलीपासून सुरुवात करा. तळघरातला बार, पन्नास खुर्च्या, वीस माणसं, आणि सगळी मागच्या भिंतीला टेकून बसलेली, हे दृश्य मी फार वेळा पाहते. अशा खोलीत चांगला विनोदही मरतो, कारण हसू शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे जातं आणि मध्ये रिकाम्या खुर्च्या असल्या की तिथेच अडतं. दार उघडण्याआधी मागच्या खुर्च्या सरळ उचलून ठेवा. उरलेल्या स्टेजच्या जवळ, एकमेकींना चिकटून लावा. उजेड स्टेजवर, प्रेक्षकांवर अंधार. संगीत बंद. सेट चालू असताना कॉफी मशीन बंद ठेवायला बारवाल्याला आधीच, प्रेमाने सांगा.

नावं. प्रत्येक कलाकाराला त्याचं नाव कसं उच्चारायचं ते विचारा आणि त्याच्यासमोर एकदा म्हणून दाखवा. आपल्या आडनावांची परदेशात काय दशा होते ते आपल्याला ठाऊक आहे, मग नायजेरियाच्या किंवा आइसलँडच्या माणसाच्या नावाची आपण तीच दशा का करावी? ओळख करून देताना ‘हा पहिल्यांदाच येतोय, सांभाळून घ्या’ असं म्हणू नका. प्रेक्षक लगेच काळजीत पडतात आणि काळजीत पडलेला माणूस हसत नाही. कुणाचा सेट पडला तर त्याच्यावर विनोद करू नका. टाळ्या घ्या, स्वतःचा हमखास चालणारा एखादा छोटा विनोद करा आणि पुढचं नाव घ्या.

लंडनचं कॉमेडी स्टोअर १९७९ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथे न जमणाऱ्याला घंटा वाजवून उतरवत. ती प्रथा वेगळी, ती सगळ्यांना माहीत असलेली स्पर्धा होती. साध्या ओपन माइकवर होस्टने तसं वागणं मला क्रूर वाटतं.

क्रम लावताना पहिला माणूस भरवशाचा हवा, नवखे मध्ये, शेवट पुन्हा भक्कम. नवख्याला पहिला चढवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

आणि प्रेक्षकांशी बोलताना ‘तुम्ही कुठले?’ हा प्रश्न जपून विचारा. समोरून युक्रेन किंवा सीरिया असं उत्तर आलं आणि होस्टकडे बोलायला काही नसलं की अख्खी खोली गार पडते. ‘आज कुणाला ओढून आणलंय?’ असं विचारलं तर कुणाचीच जखम उघडी पडत नाही. दुसऱ्या स्थलांतरिताच्या उच्चाराची नक्कल तर आपण करूच नये. ते आपल्याला शोभत नाही.

हसू आलंच नाही तर

प्रत्येक सेट फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका, त्याच रात्री नको. जिथे हसू आलं नाही तिथे आधी बघा, शब्द ऐकू गेले का. मग बघा, संदर्भ कळला का. ही दोन्ही उत्तरं ‘हो’ असतील तरच विनोदात हात घाला. बहुतेक जण उलट करतात: चांगला विनोद फेकून देतात आणि तीच घाई, तोच आवाज पुढच्या आठवड्यात पुन्हा घेऊन येतात.

पैसे घेण्याआधी व्हिसा वाचा

ही चूक सगळ्यात महागात पडते. ब्रिटनच्या स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र व्यवसाय आणि व्यावसायिक मनोरंजनाचं काम, दोन्हींना मनाई आहे. अमेरिकेत एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम चालत नाही. जर्मनीत विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण दिवस नोकरी करता येते, पण स्वतंत्र कामासाठी परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. प्रवेश फुकट आणि शेवटी प्रेक्षकांकडून पैसे गोळा करायला बादली फिरवायची, अशा शोमधला वाटाही कमाईत धरला जाऊ शकतो. ‘सगळेच घेतात’ हे मित्राचं वाक्य परवानगी नसते. आधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला मेल करा, उत्तर लेखी घ्या आणि ते येईपर्यंत तुमचा वाटा आयोजकाकडेच राहू द्या.