गुडघ्यात जनुक बदललेल्या मूलपेशी घेण्यापूर्वी करायची चौकशी

गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतल्या पैलवानाचा गुडघा एकदा बिघडला की तो पूर्ववत होणे किती अवघड असते, हे कोल्हापूरकरांना सांगावे लागत नाही. हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. त्यामुळे कातडीची जखम भरते तशी तिची झीज भरून येत नाही. म्हणूनच जनुक बदललेल्या मूलपेशींवर, म्हणजे इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या स्टेम सेलवर, संशोधन चालू आहे. त्या नावाने कोणी इंजेक्शन सुचवले, तर होकार देण्याआधी पुढील चौकशी अवश्य करावी.

प्रथम एमआरआय करून अस्थिरोगतज्ज्ञांकडून इजा नेमकी कशाची आहे ते समजून घ्यावे, कारण तुटलेल्या लिगामेंटचा, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या पट्ट्याचा, आणि झिजलेल्या कूर्चेचा उपचार वेगळा असतो.

त्यानंतर कोणत्या पेशी टोचणार, हे स्पष्ट विचारावे. सर्वांत मोठी गल्लत येथेच होते. रुग्णाच्या अस्थिमज्जेतून काढून लगेच टोचलेल्या पेशी, प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी आणि जनुक बदललेल्या पेशी या तीन निराळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेतील सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये क्रिस्पर या जनुक कापून बदलण्याच्या तंत्राने उंदराच्या मूलपेशींत असा बदल केला, की सांध्याला सूज आणणारा घटक जाणवताच त्या पेशी त्याला रोखणारे प्रथिन स्वतःच तयार करू लागल्या. हे काम मला फार आशादायक वाटते. पण ते प्रयोगशाळेतले आहे. पेशींच्या शुद्धतेचा लेखी अहवालही मागावा. दक्षिण कोरियात २०१७ मध्ये मंजूर झालेल्या ‘इन्व्होसा’ या जनुक बदललेल्या पेशींच्या औषधाची मंजुरी २०१९ मध्ये रद्द झाली, कारण कूर्चेच्या म्हणून नोंदवलेल्या पेशी प्रत्यक्षात मूत्रपिंडाच्या निघाल्या.

उपचार ‘चाचणी’ म्हणून देऊ केला असेल, तर सीटीआरआयचा, म्हणजे भारतातील वैद्यकीय चाचण्यांच्या नोंदणीचा, क्रमांक घेऊन तो त्या नोंदणीच्या संकेतस्थळावर स्वतः पडताळावा आणि नैतिकता समितीच्या मंजुरीचे पत्र पाहावे. मंजुरी नसलेल्या मूलपेशी अशा चाचणीबाहेर वापरणे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनैतिक आहे. म्हणून नोंदणी क्रमांक न देता आगाऊ रक्कम मागितली जात असेल, तर तेथेच थांबावे. संमतिपत्र मराठीत मागून घरी आणावे, कुटुंबीयांसह सावकाश वाचावे आणि इजा झाल्यास उपचार व भरपाई कोण देणार, हे त्यात लिहिलेले आहे का ते पाहूनच सही करावी.