भूतांत्रिक अभियंत्याचे उत्तम काम कसे ओळखावे आणि कसे जोपासावे

भूतांत्रिक अभियंत्याचे, म्हणजे बांधकामाखालची माती आणि खडक पारखणाऱ्या अभियंत्याचे, काम पूर्ण होताच जमिनीखाली गाडले जाते, आणि ते उत्तम झाले असेल तर पुढे काहीच घडत नाही: पाया खचत नाही, भिंतीला तडा जात नाही, भराव सरकत नाही. त्यामुळे या क्षेत्रातील पुरस्कार ठरवताना निवड समित्या बहुधा प्रकल्पाचा आकार आणि खर्चाचा आकडा पाहतात, आणि सन्मान कामाचा न होता प्रकल्पाच्या नावाचा होतो. अभियंता संघटनांच्या निवड समित्या, सल्लागार कंपन्यांचे प्रमुख, बांधकाम व जलसंपदा खात्यांतील अधिकारी आणि महाविद्यालयांचे विभागप्रमुख यांना खरे काम पारखता यावे आणि ते करणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहता यावे, यासाठी हे लेखन आहे.

आधी बोअरलॉग वाचावा

उमेदवाराचा परिचय वाचण्यापूर्वी त्याच्या एखाद्या कामाचा मूळ बोअरलॉग, म्हणजे जमिनीत घेतलेल्या बोअरमध्ये खोलीनुसार काय सापडले याची नोंद, मागवावा. छापील अहवालातला नव्हे, तर साइटवर रिगशेजारी (ड्रिलिंगच्या यंत्राशेजारी) उभे राहून लिहिलेला. जमिनीचा घट्टपणा मोजणाऱ्या एसपीटी (प्रमाणित भेदन) चाचणीत बोअरच्या तळाशी नमुना घेणारी नळी ठोकण्यासाठी ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटर उंचीवरून सोडतात आणि नळीच्या दर १५ सेंटिमीटर भेदनाला किती ठोके लागले, हे सलग तीन टप्प्यांत मोजतात. पहिल्या टप्प्याचे ठोके सोडून उरलेल्या दोन टप्प्यांची बेरीज म्हणजे एन-व्हॅल्यू. नोंद ८, ११, १४ अशी असेल तर एन २५ येतो; पण वहीत नुसताच २५ लिहिलेला असेल, तर बोअरच्या तळाशी सैल गाळ साचला होता का, थर त्या ४५ सेंटिमीटरमध्येच बदलला का, हे वाचणाऱ्याला कधीच कळणार नाही. भूजलपातळी कोणत्या तारखेला आणि बोअर थांबवल्यावर किती तासांनी मोजली, ठोके पन्नासवर गेल्यावर नळी किती सेंटिमीटर आत गेली होती, एखाद्या खोलीवर नमुना का मिळाला नाही, हे सारे ज्या लॉगमध्ये नोंदलेले असते तो लॉग काळजीपूर्वक केलेल्या कामाचा पहिला पुरावा असतो. याउलट सर्व बोअरहोलमध्ये एन-व्हॅल्यू खोलीबरोबर एकसारखी चढत गेलेली दिसली, तर समितीने अवश्य प्रश्न विचारावेत, कारण नैसर्गिक जमीन इतकी एकसारखी क्वचितच असते.

महाराष्ट्रात, विशेषतः दख्खनच्या बेसाल्टवर, यापुढची परीक्षा कोअर बॉक्सपाशी, म्हणजे खडकातून काढलेले दंडगोल तुकडे (कोअर) ठेवलेल्या पेटीपाशी होते. १५० सेंटिमीटरच्या एका रनमध्ये (ड्रिलिंगच्या एका टप्प्यात) १० सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अखंड तुकड्यांची एकूण लांबी ९६ सेंटिमीटर भरली, तर आरक्यूडी, म्हणजे खडकाच्या अखंडपणाचा निर्देशांक, ६४ टक्के येतो. हे गणित कोणीही करील. कसब आहे ते ड्रिलिंगच्या धक्क्याने झालेली ताजी मोड आणि खडकात मुळातच असलेली सांध यांतला फरक ओळखण्यात, कारण ताज्या मोडीचे दोन तुकडे जुळवून एकच धरायचे असतात आणि तसे केले नाही तर चांगला खडक कागदावर वाईट ठरतो. बेसाल्टच्या दोन प्रवाहांमध्ये लाल बोलचा, म्हणजे लाल मातकट थराचा, पट्टा असू शकतो. तो मऊ असतो, पाण्यात विरघळल्यासारखा भुगा होतो आणि ड्रिलिंगच्या पाण्याबरोबर वाहूनही जातो, म्हणून तिथे कोअर न मिळणे हीच महत्त्वाची माहिती असते. काळा कठीण पाषाण लागताच बोअर थांबवणे सोपे असते. पायाचा भार आणि रुंदी लक्षात घेऊन आणखी काही मीटर खाली जाण्याचा आग्रह धरणारा आणि तो पट्टा नकाशावर आणणारा अभियंता मला पुरस्कारास अधिक पात्र वाटतो, मग त्याचा प्रकल्प चार मजल्यांच्या शाळेचा का असेना.

निर्णय आणि त्याचा पडताळा

उत्तम तपासणीमुळे आराखड्यात काय बदलले, हा पुढचा प्रश्न आहे. काळ्या मातीचे उदाहरण घ्यावे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हलक्या इमारती व कालव्यांचे अस्तर उचलून फोडते. आयआयटी मुंबईचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी या मातीच्या फुगण्याचा दीर्घ अभ्यास करून तिच्यावर चिकट पण न फुगणाऱ्या मातीचा पुरेसा जाड थर देण्याची पद्धत मांडली, आणि कालव्यांच्या कामात ती रुजली. सन्मान अशाच गोष्टीचा व्हावा: समस्या इथल्या मातीची, निरीक्षण प्रत्यक्ष आणि उपाय साध्या कंत्राटदारालाही पेलणारा.

निर्णय बरोबर होता हे कशावरून ठरवायचे? उमेदवाराने किती खचणी अपेक्षित धरली होती आणि प्रत्यक्षात किती मोजली गेली, हे दोन्ही आकडे मागावेत. भूतांत्रिक अभियंते राल्फ पेक यांनी १९६९ च्या ब्रिटनमधील रँकिन व्याख्यानात निरीक्षण पद्धतीची सविस्तर मांडणी केली: बांधकाम चालू असताना मोजमाप घ्यायचे आणि जमीन वेगळी वागली तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवायचे. न्हावा-शेवा परिसरातील सागरी चिकणमातीसारख्या जमिनीवर भराव टाकताना सेटलमेंट प्लेट (खचणी मोजणारी) आणि पिझोमीटर (मातीतील पाण्याचा दाब मोजणारे) यांची वाचने अशा कामाची साक्ष देतात. अंदाज आणि मोजमाप यांत तफावत असली तरी उमेदवार बाद करू नये. ती वेळेवर ओळखून त्याने काय केले, ते पाहावे.

बांधकाम न करण्याचा सल्लाही कामगिरी म्हणून मोजला पाहिजे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण दरडीखाली गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. उताराचा पायथा खोदू नका, पाण्याचा निचरा वळवा, ही वस्ती हलवा, असे लेखी सांगणाऱ्या अभियंत्याच्या नावावर दाखवायला वास्तू उभी राहत नाही, म्हणून समितीनेच त्याला शोधले पाहिजे.

नामनिर्देशन लिहिताना

दोन पाने पुरतात. ‘अत्यंत आव्हानात्मक परिस्थितीत जागतिक दर्जाची कामगिरी’ अशा वाक्याने काहीच सिद्ध होत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘आठ मीटरवर मऊ चिकणमातीचा थर सापडल्याने यांनी राफ्टऐवजी (सलग स्लॅबच्या पायाऐवजी) पायल (जमिनीत खोल जाणारे खांब) सुचवले, दोन पायलवर भारचाचणी घेतली आणि निष्कर्षानुसार लांबी कमी केली.’ ड्रिलर, प्रयोगशाळेतील सहायक आणि पर्यवेक्षक यांचा वाटा नावानिशी नोंदवावा, आणि अहवाल उघड करण्यास मालकाची लेखी संमती घ्यावी. समितीत प्रत्यक्ष साइटवर काम केलेली किमान एक व्यक्ती असावी, आणि उमेदवाराशी व्यावसायिक संबंध असलेल्या सदस्याने निर्णयातून बाजूला व्हावे.

सन्मानाचे स्वरूप म्हणून मी व्याख्यानाला सर्वांत वरचे स्थान देतो. ब्रिटनमधील रँकिन व्याख्यानमाला १९६१ मध्ये मृदा-यांत्रिकीचे अभ्यासक आर्थर कॅसाग्रांडे यांच्या व्याख्यानाने सुरू झाली, आणि आपल्याकडे १९४८ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन जिओटेक्निकल सोसायटीचेही वार्षिक व्याख्यान असते. स्मृतिचिन्ह कपाटात जाते, तर व्याख्यानात सन्मानित व्यक्तीला आपले काम समव्यावसायिकांच्या प्रश्नांपुढे ठेवावे लागते आणि तरुणांना ते शिकायला मिळते. स्थानिक शाखेलाही असा कार्यक्रम फार खर्च न करता घेता येतो.

बळ देताना

पुरस्काराने जे घडत नाही ते निविदेने घडते. बोअरिंगचे काम केवळ रनिंग मीटरच्या सर्वांत कमी दरावर दिले, तर जपून काम करणारी संस्था बाहेर पडते, कारण सावकाश ड्रिलिंग, अविचलित (मूळ रचना न मोडता काढलेले) नमुने आणि पूर्णवेळ अभियंता यांचा खर्च त्या दरात बसत नाही. म्हणून अभियंत्याच्या साइटवरील उपस्थितीसाठी आणि अविचलित नमुन्यांसाठी बीओक्यूमध्ये (कामांच्या परिमाणपत्रकात) स्वतंत्र बाबी ठेवाव्यात, जमीन अनपेक्षित निघाल्यास जादा बोअरहोल घेण्याची तरतूद आधीच करावी आणि निवडीत गुणवत्तेला वजन द्यावे. वेळही द्यावा लागतो. माती भाराखाली किती दबते हे मोजणाऱ्या कन्सॉलिडेशन चाचणीत भाराचा प्रत्येक टप्पा साधारणपणे २४ तास ठेवावा लागतो, आणि असे अनेक टप्पे असतात. तेव्हा चिकणमातीच्या जागेचा संपूर्ण अहवाल आठवड्यात मागणारा अधिकारी नकळत अंदाजे आकड्यांनाच आमंत्रण देत असतो.

तरुण अभियंत्यांची सोसायटीची वर्गणी कंपनीने भरावी, इंडियन जिओटेक्निकल कॉन्फरन्ससाठी भरपगारी रजा द्यावी, आणि पहिल्या वर्षी त्यांना संगणकापेक्षा रिगशेजारी अधिक काळ बसवावे. ड्रिलरना लॉग लिहिण्याचे व नमुने हाताळण्याचे प्रशिक्षण द्यावे, कारण नमुन्याची ट्यूब बाहेर काढण्याच्या क्षणी नमुना वाचतो किंवा बिघडतो, आणि तेव्हा ती ड्रिलरच्या हातात असते. कोअर बॉक्स पायाचे काम पूर्ण होईपर्यंत सावलीत, खोलीची नोंद करून जपावेत, आणि मालकाची हरकत नसेल तर बोअरलॉग जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला द्यावेत, म्हणजे शेजारच्या भूखंडावर काम करणाऱ्या पुढच्या अभियंत्याला पहिला बोअर कुठे घ्यावा, हे ठरवताना काहीतरी हाताशी असेल.