पहिल्यांदा वारीला जाताय? पायांसोबत मनाचंही बघा

वारीची तयारी म्हटलं की सगळे बूट, रेनकोट, पायाला चोळायचं तेल एवढंच सांगतात. पण आळंदी ते पंढरपूर १८-२० दिवस चालायचं, एका राहुटीत दाटीवाटीने झोपायचं, स्वतःसाठी पाच मिनिटं मिळत नाहीत, यात मन केवढं थकतं ते कोणी बोलत नाही.

रडू येतं. दिवेघाट चढताना, नाहीतर रिंगणात माउलींचा अश्व धावला की भलेभले रडतात, आणि दरवेळी ते भक्तीचंच असतं असं नाही, घरातलं कोणी गेलेलं असतं, वर्षभराचं साचलेलं असतं. येऊ द्या. शेजारचा रडत असेल तर काय झालं, का झालं असं खोदून विचारू नका, पाणी द्या आणि सोबत चालत रहा.

चिडचिडीचं मूळ बहुतेक वेळा झोपेत असतं. पहाटे ३ ला उठून टँकरखाली आंघोळ, मग दुपारपर्यंत शेजारच्याचे टाळही डोक्यात जातात. दुपारच्या विसाव्याला मोबाईल बाजूला ठेवून खरंच आडवे व्हा. एखादा टप्पा दिंडीच्या ट्रकमधून गेलात तर वारी मोडत नाही, माझं तर स्पष्ट मत आहे.

आणि अडचण सांगायची पद्धत वारीतच आहे हो! माउलींच्या सोहळ्यात समाजआरतीला (मुक्कामी पोचल्यावरची सगळ्यांची आरती) चोपदारांनी, म्हणजे सोहळ्याची शिस्त बघणाऱ्यांनी, दंड वर केला की सगळे टाळ थांबतात, ज्या दिंडीची तक्रार असते ती मात्र टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिथे जाऊन ऐकून घेतात. लाखोंच्या मेळ्यात एका दिंडीचं ऐकलं जातं, मग आपण आपल्याच दिंडीत गप्प का बसायचं? पहिल्याच दिवशी एक जोडीदार ठरवा, रात्री जेवताना एकमेकांना विचारा आजचा दिवस कसा गेला. गर्दीत कोणी अंगचटीला आलं तर लगेच दिंडीत वीणा घेऊन चालणाऱ्या विणेकऱ्यांना, दिंडीचालकांना सांगा, पोलिसही वाटेत असतातच. आणि बाई सांगत असेल तर आधी तिचं पूर्ण ऐका, "गर्दीत होतं असं" म्हणू नका.

पंढरपुरात रांगेत जीव घाबरला तर बाहेर पडा, कळसाचं दर्शन घेऊन परतणारे जुने वारकरी कितीतरी आहेत.

घरी आल्यावर आठवडाभर सुनं सुनं वाटतं, दिंडीतल्यांना फोन करा. पण झोपच लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ नंबर लावा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.