नोकरी सांभाळून केमिस्ट्रीची एम.एस्सी. करताय? या चुका टाळा

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्या नाशिकला आहे, त्यामुळे घरबसल्या पदवी ही नाशिककरांना नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. तरीही बी.एस्सी. बी.एड. झालेले रसायनशास्त्राचे शिक्षक एम.एस्सी.ला नाव घालताना ठरलेल्या ठिकाणीच अडकतात. आणि बहुतेक जण अडकतात ते अभ्यासात नव्हे, प्रवेशाआधी न केलेल्या चौकशीत.

‘ऑनलाइन’ आणि ‘दूरस्थ’ यांना एकाच दावणीला बांधू नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे युजीसीच्या २०२० च्या नियमावलीत या दोन वेगळ्या पद्धती आहेत. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागतेच, म्हणून ही पदवी साधारणपणे दूरस्थ पद्धतीने मिळते: पुस्तकं आणि व्याख्यानं घरी, प्रात्यक्षिकं केंद्रावर. “सगळं मोबाइलवर होतं, लॅबला यायची गरज नाही” असं कोणी सांगू लागलं, की चहा संपवून तिथून उठा. परराज्यातल्या विद्यापीठाच्या नावाने प्रवेश देणारा क्लास कॉलेज रोडवर असो की सीबीएस स्टँडजवळ, फ्रँचायझी देऊन अभ्यासक्रम चालवायला नियमावलीत मनाई आहे. युजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव सापडलं म्हणून थांबू नका. तोच अभ्यासक्रम त्याच सत्रासाठी मान्य आहे का, तेही बघा. प्रवेशासाठी आता डीईबी-आयडी लागतो. तो स्वतः काढा, क्लासवाल्याला ओटीपी देऊन काढून घेऊ नका.

दूरस्थ पदवी कमी दर्जाची, हे स्टाफरूममधलं जुनं पालुपद. मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची, असं युजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. छापील सूचना जवळ ठेवा, वाद मिटतो.

टी.वाय.ला कोणता विषय होता? पुणे विद्यापीठाच्या जुन्या पॅटर्नमध्ये शेवटच्या वर्षी एकच विषय राहायचा. फिजिक्स घेऊन पदवी काढली आणि शाळेत रसायन शिकवताय, असे शिक्षक जिल्ह्यात पुष्कळ. त्यांनी पात्रतेची अट फी भरण्याआधी वाचावी, शिकवण्याचा अनुभव तिथे मोजत नाहीत. काही जण पळवाट म्हणून शिक्षणशास्त्रात एम.ए. करतात. ते सोपं पडतं, खरं आहे. पण ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवायची तर त्या विषयातलीच पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. मागतात. माझ्या मते ध्येय ज्युनिअर कॉलेज असेल तर या वाटेला जाऊच नये.

आपल्या शाळेच्या संस्थेची लेखी परवानगी प्रवेशाआधी घ्या. नंतर मागितली तर रजेचा प्रत्येक अर्ज अडतो.

आता लॅब. प्रात्यक्षिकं सलग दिवसांत उरकतात, तेव्हा हजेरी चुकली तर ती भरून काढायला पुढच्या बॅचची वाट बघावी लागू शकते. म्हणून केंद्र कोणत्या शहरात आणि दिवस किती, हे माहितीपत्रक हातात येताच विचारा. पेठ-सुरगाण्याहून येणाऱ्याला मुक्कामाचीही सोय बघावी लागते. व्हर्च्युअल लॅब्जवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगशाळेत, आदल्या रात्री प्रयोग फिरवून बघणं चांगलंच, पण ते तयारीपुरतं. जर्नलवर सही हवी असेल तर ब्युरेट हातात धरावीच लागते.

अभ्यासात खरी अडचण वेगळीच येते. पंधरा वर्षं वर्गात शिकवलेलं डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की तेच आडवं येतं. बारावीला आपल्याकडे लिगंडना, म्हणजे मधल्या धातूला जोडलेल्या रेणू-आयनांना, बिंदुभार मानून क्रिस्टल फील्ड सिद्धांत सांगतात आणि स्पेक्ट्रोकेमिकल सिरीज, म्हणजे लिगंडांचा बलानुसार क्रम, पाठ करून घेतात. एम.एस्सी.ला पहिल्याच सत्रात कोणीतरी विचारतं: कार्बन मोनॉक्साइडवर भार नाही, तरी तो फ्लोराइड आयनापेक्षा बलवान लिगंड कसा? बिंदुभाराने उत्तर निघत नाही. त्यासाठी मॉलिक्युलर ऑर्बिटल आणि धातूकडून लिगंडकडे इलेक्ट्रॉन जाऊन होणारं पाय बॅक-बाँडिंग लागतं. फॉस्फरस पेंटाक्लोराइडचं एसपी३डी संकरणही तसंच. आपण फळ्यावर बिनदिक्कत लिहितो, पण डी ऑर्बिटलचा सहभाग त्यात नगण्य असतो, असं आजचं गणन सांगतं. ‘हे तर मला येतं’ म्हणून ही प्रकरणं उडवणारे शिक्षक नेमके अकार्बनिकलाच घसरतात. उलट, गणिताच्या धास्तीने क्वांटम शेवटाला ठेवणारेही चुकतात. आधी डिटरमिनंट आणि साधी अवकल समीकरणं आठवा, मग श्रोडिंजर. ग्रुप थिअरीला, म्हणजे रेणूंच्या सममितीच्या गणिताला, शाळेतले गोळे-काड्यांचे मॉडेल घ्या. पाण्याचा रेणू हातात फिरवून त्याचा सी-टू-व्ही सममिती-गट शोधला की कॅरॅक्टर टेबलाची भीती बरीच उतरते.

वेळापत्रक आखताना जानेवारी ते एप्रिल कोरे धरू नका. बोर्डाच्या तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा, पर्यवेक्षण, मग पेपर तपासणी. त्यात फेब्रुवारी २०२७ मध्ये जनगणना आणि त्याच वर्षी सिंहस्थ, म्हणजे ड्यूटी लागण्याची शक्यता आहेच. असाइनमेंट दिवाळीच्या सुट्टीत आटोपा. पावसाळ्यात ग्रामीण भागात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नाही, तेव्हा स्कॅन केलेल्या पीडीएफ मुदतीच्या किमान चार दिवस आधी चढवा, आणि पोच मिळाल्याचा स्क्रीनशॉट स्वतःलाच मेल करून ठेवा.