छेदात क्ष आला की तिरकस गुणाकार नको

(क्ष+१)/(क्ष−२) ≥ ३ अशी असमानता दिसली की हात आपोआप तिरकस गुणाकाराकडे जातो. उत्तर येतं क्ष ≤ ३.५. आता क्ष = ० टाकून बघा: डावीकडे −१/२. गेलं गणित! छेद ऋण झाला की चिन्ह उलटतं, आणि तो कधी ऋण होईल ते आधी माहीत नसतं.

सोपा उपाय: दोन्ही बाजूंना छेदाच्या वर्गाने गुणा. वर्ग ऋण नसतो, चिन्ह जागेवर राहतं.

१. (क्ष+१)(क्ष−२) ≥ ३(क्ष−२)²
२. कंस सोडवत बसू नका, (क्ष−२) सामाईक काढा: (क्ष−२)(७−२क्ष) ≥ ०
३. संख्यारेषेवर २ आणि ३.५ मांडा, मधली ३ तपासा: १×१ = १, चालतं. बाहेरच्या ० आणि ४ ला गुणाकार ऋण.

उत्तर: २ < क्ष ≤ ३.५. इथे २ घ्यायचा नाही, छेद शून्य होतो. मार्क बहुतेक इथेच जातात.

रावेरच्या केळीचा हिशोब मात्र वेगळा. गाडीभाडं ६००० रुपये, क्विंटलमागे मजुरी ५०, क्विंटलचा खर्च ११० च्या आत हवा: (६०००+५०क्ष)/क्ष ≤ ११०. क्विंटल ऋण नसतातच. बिनधास्त गुणा, क्ष ≥ १००.